भाव काढायला

दर मंगळवारी साडेअकराला फिरके सर
दोनशे रुपये हातावर ठेवतात,
म्हणतात, जा कोकिळा, हायवेवरचे भाव काढून आण.
दोनशेत काहीतरी घ्यायचं, म्हणजे कुणाला संशय येत नाही.
पावती परत आणायची.
वस्तूसुद्धा.

आमचं दुकान रिंग रोडला. काचेचं दार लोटलं
की जळगावचा मे महिना पायपुसण्यावरच थांबतो.
आत वांगी पातळ कागदात झोपलेली, देठ वर करून,
एकीचा दुसरीला धक्का नको.
पाटी: बामणोदची, भरताची, निवडक. किलो एकशे चाळीस.
निवडते मीच. माहेर बामणोदचं म्हणून तर नोकरी लागली.
आमचे अण्णा वांगी पोत्यात भरायचे
आणि पोतं शिवायच्या आधी गुडघ्यानं दाबायचे.
कळण्याचं पीठ बरणीत, बरणीला सुतळी,
सुतळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर इंग्रजीत सहा ओळी.
ज्वारी, उडीद, मीठ.
बाकीच्या ओळी कशानं भरल्या
मी विचारलं नाही.

हायवेवर माणसं घरातल्याच चपलांनी येतात.
तेलाचे डबे छताला टेकलेले,
साखरेच्या गोणीवर कुणाचं तरी पोरगं बसलेलं,
तुरीत कोपरापर्यंत हात घातला तरी कुणी ओरडत नाही.
मी फोन कानाला लावते
आणि नसलेल्या बहिणीला सांगते:
तूर एकशे अठरा गं. शेंगदाणे एकशे सहा.
नाही गं, चांगला गूळ संपला वाटतं.

सुरुवातीला ती नुसती हं म्हणायची.
आता तिला भुसावळला रेल्वेतला नवरा आहे,
धाकट्याला मूग चालत नाही,
सासू साखरेच्या डब्यावर बोटानं खूण करून ठेवते.
परवा म्हणाली, तूप स्वस्त असेल तर घेऊन ठेव माझ्यासाठी.
मी बरणी उचललीसुद्धा.

मग एका गुरुवारी आमच्याच दुकानात
एक माणूस वांग्यांपुढे उभा, फोन कानाला:
हाव माय, एकशेचाळीस.
नाही माय, पोतं नाही. किलोलेच.
फोनची काच काळीच होती.
मागच्या मंगळवारी निळ्या शर्टात
हाच साबणाच्या वड्या रचत होता.
मी जवळ गेले, शिकवलेलं वाक्य म्हटलं,
मी आपली काय मदत करू?
तो म्हणाला, सगळ्यात स्वस्त काय आहे?
मी त्याला एक लिंबू दिलं. बारा रुपये.
पावती त्यानं घडी घालून खिशात ठेवली,
माझ्यासारखीच, चार घड्या.

रुबाब तडवी. मूळ यावलकडचा.
त्याची माय खरीच आहे, फक्त तिच्याकडे फोन नाही.

आता आम्ही उन्हात तेवढं फिरत नाही.
मधल्या रसवंतीवर बसतो, घुंगरं वाजत असतात,
मी त्याच्यासाठी लिंबू आणते, तो माझ्यासाठी साबण,
आणि एकमेकांचे भाव उतरवून घेतो.
एकदा त्यानं घाईत तूर दोन रुपये कमी सांगितली.
सरांनी आमची उतरवली, मग त्यांनी त्यांची,
मग आम्ही, मग ते,
शनिवारपर्यंत सगळं जळगाव वरण खात होतं
आणि आम्ही दोघं मान खाली घालून पाट्या बदलत होतो.
रसवाला मात्र अजून वीसच घेतो. त्याचे भाव कुणी काढत नाही.

बहिणीला फोन करायची आता गरज नाही.
तरी रसवंतीवरून परतताना पुलाखाली
मी तो कानाला लावते.
तूर शंभराच्या आत आली गं, सांगते.
ती विचारते, मग तू किती घेतलीस?

पुलावरून एक ट्रक जातो, केळीचा.
मी म्हणते, नीट ऐकू येत नाही.